गूळ वगळून

२ जानेवारी १९८४

ह्यांच्या कंपनीनं यंदा डायरी झकास दिली आहे. जाड कागद, आत रेशमी फीत. हे म्हणाले, "मला काय करायचीय? मी दिवसभर ऑफिसात लिहितोच." म्हणून मी घेतली. नव्याची नवलाई नऊ दिवस, असंही म्हणाले. बघाच म्हटलं.

आज गॅलरीतली तुळस पुसली नाही, तरी हिरवीगार. वाशीला राहायला आल्यापासून पावणे गावच्या डोंगरातल्या दगडखाणीची पांढरी भुकटी रोज घरात यायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर भुकटी, पापडांवर भुकटी, माझा घसा कायम खवखवलेला. सोसायटीनं अर्ज केले, सह्यांसाठी जिने चढून चढून माझे गुडघे गेले, पण डिसेंबरात खाण बंद झाली. सुरुंगांनी नव्या इमारतींना तडे जातील, हे कारण शेवटी लागू पडलं.

खाणीतल्या माणसांचं काय, असं खालच्या मजल्यावरच्या अरुणानं विचारलंच. तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. त्यांचीही सोय झाली म्हटलं. सरकार त्यांना सहा महिने धान्याची कूपनं देणार, आणि ती चालणार आमच्या महिला मंडळाच्या ग्राहक भांडारात. सुमित्राबाई अध्यक्ष, मी चिटणीस. आमची धूळ गेली, त्यांच्या पोटाचं झालं. आणखी काय पाहिजे?

१० जानेवारी

कूपनं सुरू झाली. भांडारात ही गर्दी! काउंटरवरचा श्यामसुंदर घामाघूम. तो घणसोली गावातला, एरवी दिवसभर माश्या मारत बसतो, आज त्याला पाणी प्यायला फुरसत नव्हती.

कूपनावर भांडारातला कुठलाही खायचा जिन्नस घेता येतो. आणि घेतात काय? चहापत्ती, सुकट, गूळ. मूगडाळ तशीच पडून. एक गोजरा म्हणून बाई आहे, बाहत्तरच्या दुष्काळात परभणीकडून आलेली, काडीसारखी, पण मान वर करून बोलणारी. तिनं तर निम्म्या कूपनांचा गूळच घेतला. मी म्हटलं, "अहो, डाळ घ्या, अंगाला लागेल." "बघू की," म्हणाली आणि गेली. आपण भल्यासाठी सांगतो, पण ऐकायचं कुणाला!

१५ जानेवारी

संक्रांत झाली. ह्यांनी कोल्हापुरी गुळाची ढेप आणली, पिवळीधमक. ह्यांच्या कंपनीला गूळ पुरवणारा व्यापारी दरवर्षी परचेसच्या साहेबांना एक ढेप घरी देतो. रंगाच्या कारखान्याला गूळ कशाला लागतो देव जाणे! विचारेन म्हणते आणि राहून जातं. वड्या अशा खुसखुशीत झाल्या की सुमित्राबाईंनी कृती मागितली. चाळीस बायकांना हळदीकुंकू केलं. गोड बोला, गोड बोला करून तोंड दुखलं.

२४ जानेवारी

आज डोकंच उठलं. भर दुपारी भांडाराच्या पायरीवर एक माणूस बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. डोळे लाल. "काय हवंय?" विचारलं तर नुसता तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघतोय, शब्द फुटेना. उठायला गेला तर झोक गेला, भिंत धरली. गोजरा आतून पळत आली, पिशवी त्याच्या पायाशी टाकली आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली. तिचा नवरा, दत्तू.

वास नाही आला, हे खरं. पण हल्ली वास न येणारीही मिळते म्हणतात. सरकारनं पोसायचं आणि असल्यांनी दुपारी झोकायची. बायकोचा जीव जातोय राबून, आणि हा!

२ फेब्रुवारी

एक आणि एक दोन झाले. श्यामसुंदरला सहज विचारलं, "काय रे, तुमच्या खाडीत हातभट्टी लागते ना? त्यात काय काय घालतात?" तो हसला. "गूल घालतान ताई. गूल नाय तं भट्टी नाय. परवाच पोलिसांनी मडकी फोरली तिवरांत."

गूळ!

गोजरा आली तेव्हा मुद्दाम काउंटरजवळ उभी राहिले. परत गूळ. म्हटलं, "एवढा गूळ कशाला लागतो हो तुम्हाला?"

"लागतो बाई."

"पण कशाला?"

"खायला."

आणि खाली मान घालून कूपनं मोजायला लागली. सरळ माणूस सरळ उत्तर देतो. मीही चार पावसाळे जास्त पाहिलेत.

१५ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. पुरवठा खात्याच्या साहेबांनी विचारलं आहे की कूपनांचा गैरवापर होऊ नये म्हणून कुठले जिन्नस वगळावेत. तुमच्यासारख्या सुशिक्षित भगिनींचं मत हवं, असं लिहिलं आहे. सुमित्राबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं.

चहा गेला. तो काय पोट भरतो? सुकट सुमित्राबाईंनीच काढली. म्हणाल्या, भांडारात वास येतो, चांगल्या घरच्या बायका यायला बघत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. आम्ही मालवणचे सामंत. रविवारी खिडक्या लावून बोंबील भाजतो, वर उदबत्ती लावतो. पण चारचौघींत कशाला ते?

मग गुळाचं मी मांडलं. खाडी, मडकी, पायरीवरचा दत्तू, सगळं. सुमित्राबाई म्हणाल्या, "पण गूळ पौष्टिक असतो ना हो वैजयंतीबाई?"

मी म्हटलं, "असतो ना, खाणाऱ्याला! इथं खातंय कोण? गाढवाला गुळाची चव काय!"

काय हसल्या सगळ्या! सुमित्राबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू ओसरल्यावर मी मागं वळले तर दारात गोजरा. पिशवी घेऊन भांडार उघडायची वाट बघत होती. ऐकलं असेल का? ऐकलं तर ऐकलं, म्हण आहे ती, मी काही नाव घेतलं नव्हतं.

तरी घरी येताना जरा चुकल्यासारखं वाटलं. ठीक आहे. कुणाला तरी वाईट व्हावंच लागतं.

१ मार्च

आदेश आला! चहा, सुकट आणि गूळ वगळून. आणि नुसता आमच्या भांडाराला नाही, खाणवाल्यांची कूपनं जिथं जिथं चालतात त्या सगळ्या दुकानांना. "आपल्या मंडळाच्या मौलिक सूचनेवरून" असं लिहिलं आहे. सुमित्राबाईंनी पेढे मागवले. अरुणा मात्र म्हणाली, "वैजू, तू त्यांच्या घरी कधी गेली आहेस का?" मी म्हटलं, भट्टी बघायला जाऊ का?

६ मार्च

गोजरा आली. श्यामसुंदरनं नाही म्हटल्यावर काउंटर सोडून थेट माझ्यापाशी. "बाई, थोडा तरी द्या. डाळ कमी करा, तांदूळ कमी करा. पर गूळ द्या."

मी म्हटलं, "गुळाचं काय होतं ते आम्हाला कळत नाही असं समजू नका."

ती बघतच राहिली. "काय हुतं?" म्हणाली.

"ते तुम्हालाच ठाऊक. नवऱ्याला सांभाळा आधी."

"त्येंलाच तर सांभाळतीया," म्हणाली. तांदूळ, डाळ घेतली आणि गेली. माझा आवाज चढला होता. सगळी रांग ऐकत होती. मला मेलीला काउंटरच्या पलीकडे उभं राहिलं की आवाज चढवायची खोडच आहे.

१६ मार्च



उद्या होळी. सकाळी डाळ शिजत घातली आणि पाहिलं तर गुळाची ढेप संपत आलेली. ह्यांना म्हटलं, येताना गूळ आणा. हे बूट घालता घालता म्हणाले, "बरं. आमच्या व्यापाऱ्याला सांगतो, पावडर खात्याचा गूळ आजच यायचाय, त्याबरोबर एक ढेप देईल."

"पावडर खात्याला गूळ कशाला हो?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"माणसांना. रोज एकेक खडा चघळायला देतो. नाकातोंडात रंगाची पूड जाते ना, घशातली धूळ सुटते म्हणतात त्यानं. डॉक्टर नाही म्हणतो, पण खडा दिला नाही तर माणसं कामाला हात लावत नाहीत. गिरणीत देतात, खाणीत देतात. सगळीकडे देतात. का गं?"

"खाणीत?"

"मग! तिथं तर आधी. अगं, डाळ उतू जातेय."

डाळ गेली उतू. गॅस मी बंद केला की ह्यांनी, आठवत नाही.

१७ मार्च

पुरणपोळ्या केल्या. वर्षाचा सण, कशा नाही करणार? ह्यांनी चार खाल्ल्या. मी माझी तशीच डब्यात ठेवली.

सारखी ती पायरी डोळ्यांसमोर येते. हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. त्याला बोलायचं होतं, पण श्वास नव्हता. आणि मी काय केलं? वास घेतला त्याच्या तोंडाचा.

२० मार्च

श्यामसुंदरला बाजूला घेऊन विचारलं, दत्तू पितो का?

"दत्तू? नाय ओ ताई. त्याची तं छाती गेली खानीत. दहा पावलं चालला का बसतो. गूल चघलतो, तेवराच त्याला जरा बरा वाटतं."

"अरे मग तू मला बोलला का नाहीस?"

"तुमी भट्टीचा इचारलंव, मी भट्टीचा सांगितला. दत्तूचा कवा इचारलंव?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणी म्हणायची. मला राग यायचा तिचा. आता कुणाचा राग धरू?

ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं ओरडतील. हे नुसते म्हणाले, "असू दे, तुला काय माहीत." ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च

आज बैठक होती. ठरवून गेले होते की उभी राहून सांगायचं, गुळाचं चुकलं, मी चुकले, आदेश मागं घ्यायला लिहू या. जाताना जिन्यात दोनदा म्हणूनही पाहिलं.

सुमित्राबाईंनी सुरुवातच माझ्या कौतुकानं केली. दुसऱ्या वसाहतीतल्या मंडळाच्या दोघी आल्या होत्या, आम्ही हे कसं केलं ते शिकायला. त्यांना सुमित्राबाईंनी माझं वाक्य सांगितलं, गाढवाचं. परत सगळ्या हसल्या.

मीही हसले.

हे इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला स्वतःला फसवता येणार नाही. मीही हसले. अरुणा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पेल्यातला चहा बघत बसले. पुढच्या बैठकीत नक्की सांगणार, सगळ्यांसमोर.

५ एप्रिल

मधला मार्ग काढायला गेले. मंडळाला न सांगता पुरवठा खात्यात साहेबांना भेटले. म्हटलं, गुळाचं जरा सैल करता आलं तर बघा. साहेब भला माणूस. म्हणाले, "ताई, अवश्य. सूचना मंडळाची होती, तर मंडळानंच सही-शिक्क्यानं कळवा की ती चुकीची होती आणि का चुकीची होती. मी त्याच दिवशी आदेश फिरवतो."

म्हणजे घोडं तिथंच येऊन अडतं. "का चुकीची होती" हे सुमित्राबाईंच्या तोंडावर कोण सांगणार? मीच जाते, मीच येते रिकाम्या हातानं. चिटणीस म्हणे!

श्यामसुंदर म्हणतो, दत्तू आता झोपडीबाहेर येत नाही.

११ एप्रिल

आज गेले. पिशवीत आमच्या घरची ढेप घेतली, होळीला ह्यांनी आणलेली. मनात म्हटलं, मंडळात बोलायचं धाडस नाही तर निदान एवढं करू. गुपचूप देऊन येऊ, सुटू.

पावण्याच्या खाणीखाली दगड रचून, वर पत्रे टाकून केलेली घरं. तिथून आमच्या इमारती दिसतात, माझ्या गॅलरीतली तुळससुद्धा ओळखता येईल असं वाटलं. जयंतीसाठी निळ्या पताका लावणं चाललं होतं. गोजरानं मला लांबूनच पाहिलं, पदर सारखा केला, आणि "या बाई, या" म्हणाली. भांडारातल्यापेक्षा वेगळाच आवाज. गोधडी झटकून अंथरली. आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, लखलखीत घासलेली भांडी, आणि कोपऱ्यात दत्तू. पायरीवर बसला होता अगदी तसाच. हात गुडघ्यांवर. पस्तिशीचा असेल, दिसतो साठीचा.

गोजरानं तांब्या भरला, आणि तो हातात धरून उभीच राहिली. माझ्याकडे बघेना. मला वाटलं, मला कळलं ती का थांबली ते. आमच्या हातचं पाणी ह्या बाईला चालेल का, असं तिला वाटत असणार. मी मोठं मन करून म्हटलं, "अहो द्या पाणी. आम्ही तसलं काही मानत नाही."

"तसलं न्हाई वो बाई," ती म्हणाली. "घरात गूळ न्हाई. उन्हातनं आलेल्या माणसाला नुस्तं पानी कसं द्यावं?"

तिला लाज वाटत होती. तिला!

पिशवीतून ढेप काढून खाली ठेवली. कोपऱ्यातून दत्तूनं विचारलं, "कोन... हाय?"

"भांडारातल्या बाई हायेत."

"गूळ... बंद केला... त्या?"

"आवं गप ऱ्हावा की," गोजरा दबक्या आवाजात म्हणाली. "पाव्हण्या हायेत."

म्हणजे सगळं ठाऊक होतं. आदेश कुणामुळे आला तेही आणि, आता मला खात्री आहे, दारात उभं राहून ऐकलेलं तेही. तरी या म्हणाली, गोधडी झटकली.

मी सांगितलं तिला. धड नाही सांगता आलं, पण सांगितलं, की मला वाटलं होतं तुमचे हे पितात. ती म्हणाली, "इचारायचं हुतं." एवढंच. निघताना म्हणाली, "बाई, ह्यो सरंल आट दिसांत. दुकानातला चालू हुईल का परत? बाकीच्या घरांतबी मानसं हायेत." मी माझी एक ढेप घेऊन सुटायला गेले होते. मी हो म्हटलं.

उद्या बैठक आहे. उद्या सगळ्यांसमोर सांगणार, ती म्हण मागं घेणार, आणि सुमित्राबाईंची सही घेतल्याशिवाय उठणार नाही. असं मी २८ मार्चलाही लिहिलं होतं, आत्ताच पान उलटून पाहिलं. म्हणून अरुणाकडे जाऊन आले आणि तिला म्हटलं, मी बोलले नाही तर तू उभी राहा आणि माझं नाव घे. ती म्हणाली, "घेईन." ती घेईल.

एक लिहायचं राहिलं. मुद्दामच ठेवलं होतं.

ढेप पाहिल्यावर गोजरानं चुलीजवळच्या दगडानं ती फोडली आणि पहिला खडा ताटलीत घालून, पाण्याबरोबर, माझ्यापुढं ठेवला. चांगला मोठा खडा. मी म्हटलं, आधी त्यांना द्या. "त्येंला देते की. आदी तुमी." पाहुण्याच्या आधी घरच्यानं कसं खायचं? मी खायला लागले. भरभर संपवावा म्हटलं तर तो विरघळता विरघळेना. दत्तू हात पुढं करून बसला होता, आणि ती त्याला सांगत होती, "जरा थांबा. बाईंचं होऊ द्या."